आत्याचं नाव पहिलं

१

मातालोआ बेटावरचं रेडिओ केंद्र म्हणजे एक खोली, खोलीमागे लोखंडी मनोरा आणि खोलीत सेपिउता. बेट टोंगातलं, चारशे वस्तीचं. कागदोपत्री केंद्रावर तीन माणसं नेमलेली होती. त्यातला एक निवृत्त झाला, एक ऑकलंडला गेला आणि उरली ती ही. बातम्या हीच वाचायची, भजनं हीच लावायची, हवामान हीच सांगायची आणि कोणी गेलं तर त्याची नोटीसही हीच वाचायची. सतरा वर्षांत तू निम्मं गाव स्वर्गात पोचवलंस, असं शेजारची फाताई तिला तोंडावर म्हणायची. त्यावर सेपिउता म्हणायची, "तुझाही कागद तयार आहे, फक्त तारीख घालायचीय."

त्या शुक्रवारी साडेनऊला तिनं नेहमीसारखा ट्रान्समीटर चालू केला, चहा घेतला आणि कॉम्प्युटर लावला. न्यूझीलंडच्या चर्चवाल्यांनी दिलेला हा जुना कॉम्प्युटर केंद्राचा कणा होता. आवाज कमीजास्त करायची मूळची पेटी खाऱ्या हवेनं खाऊन टाकली होती, तेव्हापासून भजनंही ह्याच्यातून जायची आणि माईकही. आज पडद्याच्या कोपऱ्यातल्या चिमुकल्या कर्ण्यावर लाल फुली होती. तिनं माऊस तिथं नेला, तर पाटी आली: साउंड कार्ड सापडले नाही.

एरवी ती म्हणाली असती, बरं झालं, आज सुट्टी. पण आज लोसा यायची होती.

लोसा तिच्या भावाची मुलगी. ती सहा महिन्यांची असताना तिची आई कामासाठी ऑकलंडला गेली ती गेलीच, आणि मुलगी आत्याच्या मांडीवर वाढली. आता नर्सचं शिक्षण पुरं करून ती पांगाई बंदरातून नऊच्या बोटीनं निघालेली. बोट लहान. वायरलेस नव्हता, तांडेलाकडे एक ट्रान्झिस्टर तेवढा होता. आणि पहाटेपासून वारा फिरून पश्चिमेचा झाला होता. पश्चिमेचा वारा असला की प्रवाळाच्या भिंतीतल्या खिंडीत पाणी उभं राहतं. तेव्हा बेटाला वळसा घालून मागच्या बाजूनं यायचं, तासभर उशीर सोसायचा. तांडेल बाराची हवामानाची सूचना ऐकायचा. सूचना आली तर वळसा. नाही आली तर खिंड मोकळी, असा त्याचा वर्षानुवर्षांचा हिशेब.

म्हणजे बाराच्या आत हे यंत्र बोलतं व्हायला हवं होतं. सेपिउता पहिल्यांदा धास्तावली ती ह्या हिशेबानं. दुसरं काहीच तेव्हा तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

२

राजधानीतला लोपेती चार बेटांच्या केंद्रांची यंत्रं फोनवरून दुरुस्त करायचा. खुर्चीतून न उठता दुरुस्त करतो, म्हणून त्याचा पगार जास्त, असं सेपिउता म्हणायची.

"यादीत दिसतंय का कार्ड?" त्यानं विचारलं.

"नाही."

"पिवळं चिन्हबिन्ह?"

"चिन्ह असतं तर तुला फोन कशाला केला असता? ती ओळच नाही रे. कार्ड कधी बसवलंच नव्हतं, असं म्हणतंय मेलं."

"बंद करून चालू केलंस?"

"तीनदा."

"मग पोट फाड त्याचं. आधी प्लग काढ, नाहीतर तुझीच नोटीस मला वाचावी लागेल."

"तू वाचणार? तुला गावांची नावं तरी धड येतात का?"

प्लग काढून, चार स्क्रू सोडवून तिनं झाकण उचललं. आत लाल धूळ आणि पालीचं वाळलेलं अंडं. कार्ड तळहाताएवढं होतं. फोन खांद्यात धरून तिनं ते दोन्ही हातांनी उपटून काढलं. त्याच्या कडेचे सोनेरी दात काळवंडले होते.

"खोडरबर आहे?" लोपेती म्हणाला. "पेन्सिलीचा. हलक्या हातानं घास. मग त्याच खाचेत घालू नकोस, शेजारच्या खाचेत बसव. आणि सेपि, तेवढं वाचणं थांबव जरा. मला तुझं नीट ऐकू येत नाही."

"काय थांबवू?"

"नोटीस. मागे वाचतेयस ना."

सेपिउता हसली. "लोपेती, सकाळी सकाळी कावा पिऊन झिंगलास का? कार्ड माझ्या हातात आहे. कॉम्प्युटरचा प्लग जमिनीवर पडलाय."

ती कार्ड घासत राहिली. मग तो बोलला तेव्हा त्याच्या आवाजातली थट्टा गेलेली होती.

"माझ्याशी बोलतेयस तीही तूच आणि मागे बोलतेयस तीही तूच. दोन्ही एकदम कसं?" तो घाईनं म्हणाला, "मी... मी नंतर करतो फोन."

त्यानं फोन ठेवून दिला.

सेपिउतानं मान वळवून ट्रान्समीटरकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर एक तबकडी होती आणि तबकडीत काटा. केंद्रातून आवाज गेला तरच तो काटा हलायचा. गेली सतरा वर्षं ती स्वतःच्या बोलण्याबरोबर त्याला डुलताना बघत आली होती.

काटा डुलत होता. एका नावाएवढा उठायचा, बसायचा, पुन्हा उठायचा.

३

कोपऱ्यात केंद्राचाच रेडिओ होता, बाहेर काय जातंय ते तपासायला ठेवलेला. त्याचा आवाज सकाळपासून बंद होता. ती त्याच्यापाशी गेली. बटणाला हात लावायच्या आधी तिनं मनाला समजावलं: पांगाईचं केंद्र ह्याच पट्टीवर घुसलं असेल. वारा फिरला की असं होतं. मागच्या वर्षी नाही का फिजीचं हिंदी गाणं दोन दिवस येत होतं?

तिनं बटण फिरवलं आणि तिचाच आवाज खोलीत आला.

"...पांगाई, आणि परिवार. तसेच कोलोफोऊचे लोतु आणि परिवार. पुन्हा एकदा ऐकावे. सेपिउता, मातालोआ, आणि परिवार. मोसेसे, मातालोआ. सिनितिआ, ऑकलंड..."

मातालोआत कोणी गेलं की प्रेताच्या उशाशी त्याची आत्या बसते. बाप नाही, आई नाही, आत्या. तिचा मान सर्वांत वरचा, म्हणून ह्या केंद्राच्या नोटिशीत पहिलं नाव आत्याचं. मग बाप, मग आई, मग लांबचे. गेलेल्याचं नाव अगदी शेवटी. पण गावाला शेवटापर्यंत थांबावं लागत नाही. पहिलं नाव कानावर पडलं की बायका काळे कपडे शोधू लागतात.

सेपिउताला भाऊ एकच, मोसेसे. आणि मोसेसेला मूल एकच.

तिचं डोकं मात्र काम करत होतं, आणि ते काम करत होतं ह्याचीच तिला चीड आली. टेप असेल जुनी. कसली टेप? टेपयंत्र तीन वर्षांपूर्वी समुद्रात टाकलं. कोणी नक्कल करतंय. कोण करणार? गावाचं नाव घेण्याआधी ती जीभ टाळ्याला लावून सोडायची, तेवढी बारीक चटक लागायची; हे तिलाही माहीत नव्हतं, आज ऐकताना कळलं. रेडिओतली बाई वाचत होती ती न रडता, न घाई करता, परक्याची नोटीस वाचावी तशी. सेपिउताला त्या बाईचा भयंकर राग आला. स्वतःच्या पोरीची नोटीस अशी वाचतात का?

"...ह्या सर्वांना अत्यंत दुःखाने कळवण्यात येते की..."

ह्याच्यापुढे नाव.

तिनं ट्रान्समीटरचा खटका खाली ओढला. काटा आडवा झाला. खोलीत वाऱ्याखेरीज काही उरलं नाही, आणि तळहातावर कार्डाचे दात उमटले होते. घड्याळात अकरा चाळीस झाले होते.

४

फाताई पाच मिनिटांत आली. काळा झगा घालून, कमरेला जुनी फाटकी चटई गुंडाळून. शोकात तशीच गुंडाळतात. तिच्या हातात आणखी एक चटई होती, बारीक विणीची, जुन्या पेटीत जपलेली. आत्याची चटई.

"ऊठ," ती म्हणाली. आज तिच्या तोंडी थट्टा नव्हती. "मी बांधते. तुला काही सुचायचं नाही आता."

"फाताई, मी नोटीस वाचली नाही."

"बरं."

"मी खरंच वाचली नाही. हे बघ, कार्ड माझ्या हातात आहे!"

"बरं, बाई, बरं." फाताईनं तिला लहान मुलासारखं वळवलं आणि चटई कमरेला बांधायला लागली. "माझी आई गेली तेव्हा मीही तासभर म्हणत होते, मी नाही रडले म्हणून."

दारातून दिसत होतं: रस्त्यानं काळे कपडे येत होते. कोणाच्या डोक्यावर चटयांची गुंडाळी, कोणाच्या खांद्यावर तारोचे कंद. लांब कुठंतरी डुक्कर ओरडलं आणि थांबलं. मांस भाजायच्या भट्टीचा खड्डा खणायला लागलेसुद्धा. नाव अजून कोणी ऐकलं नव्हतं, तरी कोणी विचारायला आलं नव्हतं. आत्या कोण ते ऐकलं होतं. तेवढं त्यांना पुरे होतं.

मोसेसे पायरीवर आला. आत येणार नव्हता. बहीण जिथं असेल त्या खोलीत भावानं शिरायचं नाही, ही लहानपणापासूनची मर्यादा. तो दाराकडे पाठ करून बसला. त्याचा रुंद खांदा तेवढा तिला दिसत होता.

"ताई."

"मोसेसे, ऐक माझं..."

"नाव वाचून टाक, ताई." त्याचा आवाज अगदी हळू होता. "अर्धी नोटीस ठेवू नये. वीज गेली तर तू कागद घेऊन दारोदार वाचायचीस, पण पुरी करायचीस. आपल्याच पोरीची अर्धी ठेवलीस?"

"ती जिवंत आहे. बोट अजून खिंडीपाशीसुद्धा आली नसेल."

"मग तुला कोणी कळवलं?"

"कोणी नाही! मी वाचलीच नाही रे!"

"आवाज तुझा होता, ताई. मी तुझा आवाज चुकेन का?"

तिला रडायला आलं, पण घड्याळ समोर होतं. अकरा बावन्न. बाराला तांडेल ट्रान्झिस्टर कानाला लावणार आणि त्याला काहीच ऐकू येणार नाही. काही नाही म्हणजे खिंड मोकळी. सूचना द्यायची तर ट्रान्समीटर चालू करायला हवा. आणि चालू केला, तर ती बाई तिथंच थांबलेली असेल, नावाच्या अलीकडे. एवढं सगळं तिला एका क्षणात दिसलं. इकडे आड, तिकडे विहीर. पण विहिरीच्या काठावर पोर उभी असली की माणूस आडाचा विचार करत नाही.

तिनं फाताईला बाजूला सारलं. कार्ड शेजारच्या खाचेत ठेवून अंगठ्यांनी दाबलं, ते कट्ट बसलं. झाकण न लावताच प्लग घातला. कॉम्प्युटर म्हाताऱ्यासारखा कण्हत उठला. पडदा निळा झाला, काळा झाला, पुन्हा निळा झाला. बाराला एक मिनिट होतं तेव्हा कोपऱ्यातली लाल फुली गेली आणि पाटी आली: नवीन उपकरण सापडले.

तिनं हेडफोन चढवला आणि खटका वर केला.

कानात नाव आलं नाही. कानात एक श्वास होता. आपण बोलत असताना दुसरं माणूस आपलं संपायची वाट बघतं, तसा धरलेला. सेपिउतानं त्याला बोलायला जागाच ठेवली नाही. "पांगाईहून येणाऱ्या बोटीला सूचना," ती ओरडली, "वारा पश्चिमेचा आहे, खिंडीतून येऊ नका. वळसा घ्या. खिंडीतून येऊ नका." तिनं ते दहादा सांगितलं, वीसदा सांगितलं. घसा बसला तेव्हा खटका ओढून टाकला आणि खुर्चीत कोसळली. पायरीवरचा खांदा हलत होता.

५

दोनला बोट बेटामागून आली.

धक्क्यावर सगळं गाव काळ्या कपड्यात उभं. लोसानं बोटीतूनच हात हलवला आणि ओरडली, "कोण गेलं?"

मग फाताई हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि सगळ्या बायका लोसावर तुटून पडल्या. मोसेसेनं वाळूत गुडघे टेकले. सेपिउतानं पोरीचे दोन्ही गाल हातात धरले. गाल गार होते, केस ओले होते, डोळे तिचेच होते.

"आत्या, ही चटई कुणासाठी बांधलीस?"

"तुझ्या खोडीसाठी. भिजलीस कशानं?"

"पडले पाण्यात," लोसा सहज म्हणाली. "मला जाम भूक लागलीय."

डुक्कर भट्टीत गेलेलंच होतं, ते बाहेर काढून सगळ्यांनी खाल्लं. गावानं सेपिउताला काय काय म्हणून घेतलं! यंत्र बिघडलं की तिचं डोकं बिघडतं, पुढच्या वेळी स्वतःचीच वाच, भट्टी तरी वाया जाणार नाही. तिनं सगळं हसून ऐकलं. पोर समोर बसून तारोच्या पानातलं मांस बोटांनी खात होती, आणखी कोणाला काय हवं होतं?

तांडेल मात्र पानावर हात ठेवून बसला होता. ती त्याच्याशेजारी जाऊन बसली.

"सूचना ऐकलीस ना?"

"ऐकली. पण खिंडीत तोंड घातलं होतं तेव्हा. बोट फिरवताना लाट आली." तो तिच्याकडे बघत नव्हता. "पडली ती. पण आम्ही काढली. लगेच काढली."

"लगेच म्हणजे?"

"लगेच." त्यानं पानातलं मांस इकडून तिकडे सारलं. "बोट फिरवून परत जायला जेवढा वेळ लागतो तेवढा. मी मोजलं नाही. बाहेर आली ती बोलतच आली, ताई. पाणीसुद्धा नाही ओकली. मी तीस वर्षं दर्यात आहे, म्हणून आपलं सांगतो. बरी आहे ना ती? बघ की, जेवतेय."

लोसा जेवत होती. तिनं मान वर करून त्या दोघांना हात केला.

६

सहाचं प्रसारण करायला सेपिउता केंद्रावर गेली, तेव्हा लोसा मागून आलीच. कोरडे कपडे, केसांना तेल, कानामागे फूल.

"आज मी बोलणार," ती म्हणाली. "गावाला सांगते, मी आले, आणि डुकराबद्दल आभार."

"बस तर," सेपिउता म्हणाली. तिनं हेडफोन चढवून खटका वर केला, पण हेडफोनमध्ये काहीच नव्हतं. तो सकाळचा श्वास गेला होता. तिला एवढं हायसं वाटलं की तिनं हेडफोन काढून ठेवला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आवाजाची हिरवी पट्टी होती. बोललं की ती वर चढायची. तिनं "एक, दोन" म्हणून पाहिलं. पट्टी उडाली. कार्ड ठणठणीत होतं.

"बोल, आवाज बघते तुझा."

लोसानं माईक जवळ ओढला. "मातालोआच्या लोकहो," ती म्हणाली, "मी लोसा, मोसेसेची मुलगी..."

पट्टी हलली नाही.

"थांब हं. जरा जवळ ये. पुन्हा बोल."

"मी लोसा!" ती हसली. खोलीत तिचं हसू स्वच्छ ऐकू आलं. पट्टी तळाशी पडून होती. सेपिउतानं माईकवर टिचकी मारली. पट्टी उडाली. तिनं स्वतः "लोसा" म्हटलं. पट्टी उडाली. माईक लोसाच्या ओठांना लावला. लोसा बोलत होती, पांगाईचं, परीक्षेचं, बोटीत कोण कोण होतं त्याचं, आणि पडद्यावर काही नव्हतं. बोलताना ओठांतून वारा येतो, तोसुद्धा नव्हता. सेपिउतानं खाच आठवली, दात आठवले, खोडरबर आठवला. आवाज कुठंतरी अडकला असेल. लोपेतीला विचारायला हवं. तिनं फोन उचलला आणि तसाच ठेवून दिला. काय विचारणार होती?

खिडकीखालून फाताईची हाक आली, "सेपि! केंद्र पुन्हा बंद पडलं का गं? मोसेसे मघापासून रेडिओ कानाला लावून बसलाय. तुझं मधूनमधून येतं, बाकी काही ऐकू येत नाही!"

लोसा बोलायची थांबली. तिनं खिडकीकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग आत्याकडे. लहानपणी काहीतरी फोडलं की यायची, तसं तिच्या चेहऱ्यावर आलं.

"आत्या, माझा आवाज येत नाही का?"

सेपिउतानं खटका खाली ओढला, तिच्याजवळ स्टूल ओढून घेतलं आणि तिचा गार हात आपल्या मांडीवर घेतला.

"मला येतोय ना ऐकू," ती म्हणाली. "मग झालं तर. तू बोल."